डाग नेमका कुठं आहे ते आधी पाहा, मग चष्म्याला बोल लावा

ताई, तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत, त्यामुळं उत्तर लांबणार, निवांत वाचा. तुम्ही लिहिलंय की आठवीपासून चष्मा आहे, नंबर आता मायनस चारच्या आसपास, नाकाच्या दोन्ही बाजूनं काळे डाग पडले, डोळ्याखालीही काळं दिसून राहिलं, घरी स्थळं पाहणं सुरू आहे म्हणून आई म्हणते चष्मा घालणं सोड. मोबाईलवर कुणीतरी लिंबू न् बटाटा लावायला सांगितला, आणि मेडिकलवाल्यानं एक क्रीम दिली ती तुम्ही पंधरा दिवसांपासून लावून राहिल्या. वरून बाबांच्या डोळ्याभोवती चष्मा घातला की खाज सुटते, ते वेगळंच.

मी तालुक्याच्या गावी चष्म्याचं काम करतो, नंबर काढणं, फ्रेम बसवणं, शिबिरात तपासणी, बरीच वर्षं हेच चालू आहे. कातडीचा डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाचं नाव मी सांगणार नाही, पण चष्म्यानं कातडीला काय होतं आणि काय होत नाही हे दुकानात रोज दिसतं. आणि माझं म्हणणं सरळ आहे, दहातल्या बहुतेक तक्रारींत चष्मा गुन्हेगार नसतो, चष्म्याची फिटिंग, त्याच्यावर साचलेला मळ किंवा आपणच तोंडाला लावलेलं काहीतरी, हे गुन्हेगार असतात. कोणतं ते ओळखायचं तर डाग कुठं आहे ते पाहायचं. जिथं फ्रेम टेकते तिथंच डाग आहे का, की फ्रेम जिथं शिवतही नाही तिथं आहे? एवढं आरशात पाहिलं तरी अर्धं उत्तर मिळतं.

तुमचा नाकावरचा डाग घेऊ. तो नोजपॅड, म्हणजे फ्रेमच्या नाकावर टेकणाऱ्या दोन छोट्या गाद्या, टेकतात तिथंच आहे ना, म्हणजे हा डाग चष्म्याचाच, यात वाद नाही. चष्मा काढल्यावर लाल खड्डा दिसतो तो साधा दाब, तासा-दोन तासात भरून येतो, त्याची काळजी करायची नाही. पण रोज बारा-चौदा तास तोच दाब, तोच घाम, चष्मा घसरला की बोटानं वर सरकवायचा, म्हणजे परत तिथंच घासणार, असं वर्षानुवर्षं चाललं की कातडीला बारीक सूज राहते आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाच्या कातडीची खोड अशी की सूज गेली तरी मागं काळा डाग ठेवून जाते. गोऱ्या माणसाला लाल डाग राहतो, आपल्याला काळा राहतो. रोग नाही तो. आणि कारण थांबलं तर तो जातोही, पण महिने लागतात, आठवड्याचं काम नाही, हे आधीच सांगून ठेवतो नाहीतर पंधरा दिवसांनी म्हणाल काही फरक नाही.

आता कारण थांबवायचं म्हणजे चष्मा सोडायचा नाही, चष्मा नीट बसवायचा. इथं जरा खोलात जातो कारण हे माझं काम आहे आणि इथंच लोकांची फसगत होते. चष्म्याच्या दांडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे छापलेले असतात, ५२ चौकोन १८ आणि पुढं १४० असं काहीतरी. ५२ म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, १८ म्हणजे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, १४० म्हणजे दांडीची लांबी. लोक फ्रेम घेताना रंग पाहतात, हिरोनं कोणती घातली ते पाहतात, तो मधला आकडा कोणीच पाहत नाही. आपल्याकडं बऱ्याच जणांचं नाक वरच्या बाजूनं बसकं असतं, त्यावर मोठ्या आकड्याची शेलफ्रेम, म्हणजे जिच्यात नोजपॅड वेगळे नसतात ती, बसवली की ती खाली घसरते आणि नाकाच्या मधोमध किंवा गालावर येऊन बसते. अशांनी हलवता येणारे नोजपॅड असलेली फ्रेम घ्यावी, ते पॅड पक्कडीनं आतबाहेर करता येतात, तिरपे करता येतात. पॅड नाकाला सपाट टेकला पाहिजे, त्याची नुसती धार टेकली तर सगळं वजन त्या एका रेषेवर येतं आणि तिथंच काळी रेघ पडते. तुमचा डाग गोल आहे की लांबट रेघ आहे ते पाहा, रेघ असेल तर पॅडचा कोन चुकला, पाच मिनिटाचं काम आहे, कोणताही बरा चष्मेवाला फुकटात करून देईल.

डाग एकाच बाजूला जास्त गडद असेल तर फ्रेम वाकडी झाली समजा. टेबलावर चष्मा उलटा ठेवा, दोन्ही दांड्या टेबलाला टेकल्या पाहिजेत, एक अधांतरी राहिली तर वाकडी आहे. आपल्या भागात हे फार होतं कारण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि माणसं चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर नाहीतर मोटारसायकलच्या डिक्कीत टाकून जातात, त्या उष्णतेनं शेलफ्रेम नरम होऊन वाकते, काचेवरच्या कोटिंगला जाळीसारख्या भेगा पडतात त्या वेगळ्या. मग तोच वाकडा चष्मा वर्षभर घालायचा आणि म्हणायचं की चष्म्यानं नाक काळं केलं.

कानामागं दुखत असेल तर दांडीचा वाक लवकर दिला आहे, वाक कानाच्या माथ्यावरून पुढं गेल्यावर सुरू व्हायला पाहिजे. हसलं की चष्मा वर उचलला जातो आणि गालावर चंद्रकोरीसारखा डाग पडतो, तर फ्रेम फार मोठी आहे किंवा खूप खाली बसली आहे. हल्ली हे मोठ्या गोल फ्रेमचं खूळ आहे ना, त्याची देण आहे ही. मायनस नंबरला तर मोठी फ्रेम वाईटच, कारण मायनसची काच कडेला जाड असते, फ्रेम जेवढी मोठी तेवढी कड जाड, तेवढं वजन जास्त, आणि सगळं वजन बसतं दोन नोजपॅडवर. तुम्ही छोटी फ्रेम घ्या आणि काच साध्या काचेची असेल तर ती बदला. अजूनही काही जण म्हणतात काचेचीच काच पाहिजे, चरे पडत नाहीत. बरोबर आहे, चरे कमी पडतात, पण ती प्लास्टिकच्या जवळपास दुप्पट वजनाची असते, आणि शेतात-रस्त्यात दगड लागून फुटली तर डोळ्यात जाते. पॉलीकार्बोनेट हलकी आणि फुटायला कठीण, ज्यांचं उन्हातान्हात काम त्यांना मी तीच सांगतो.

आणि नोजपॅड बदलत जा बाप्पा! लोक पाच-पाच वर्षं तेच पॅड वापरतात, पिवळे पडून कडक झालेले, मधात हिरवट काळा मळ साचलेला. तो हिरवा रंग म्हणजे स्क्रू-तारेच्या धातूतल्या तांब्याला घामानं चढलेला गंज, आणि मळात तेल, पावडर, घाम, जंतू सगळंच. तेच दिवसभर नाकावर चोळून राहिलो आपण. सिलिकॉनचे मऊ पॅड मिळतात, स्वस्त असतात, सहा महिन्यांनी-वर्षानं बदलायचे. रोज रात्री चष्मा साध्या पाण्याखाली धरून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटावर घेऊन पॅडसकट धुवायचा, मऊ सुती कपड्यानं टिपायचा. पदरानं कोरडा पुसायचा नाही, राखेनं तर नाहीच नाही. शेलफ्रेमला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, ती पांढरी पडते आणि खरबरीत होते, मग ती खरबरीत कड परत कातडीला घासते. चेहराही धुवा, पण पॅडच्या जागी घासणी घेऊन खरवडू नका, काही जणी तेही करतात डाग निघावा म्हणून.

क्वचित कोणाला नोजपॅडखाली किंवा कानामागं कातडी जाड होऊन मधोमध चीर पडलेली गाठ येते. जू नीट बसलं नाही तर बैलाचा खांदा येतो ना, तसंच हे, सततच्या घासण्यानं कातडी स्वतःच जाड होते. फ्रेम नीट केली की काही आठवड्यात ती बसायला लागते. पण फ्रेम दुरुस्त करूनही जखम भरत नसेल, रक्त येत असेल, कडा चमकदार उचललेल्या दिसत असतील तर मग दुकानात येऊ नका, सरळ डॉक्टरकडं जा, कारण नाकाच्या त्या भागात आणि खालच्या पापणीवर कातडीचा कॅन्सरही कधी कधी असाच न भरणाऱ्या जखमेसारखा सुरू होतो. भीती घालत नाही, आपल्या लोकांत तो कमीच दिसतो, पण म्हाताऱ्या माणसाची न भरणारी जखम "चष्मा लागला असेल" म्हणून वर्षभर ढकलायची नसते.

हे झालं नाकाचं. आता डोळ्याखालचं काळं.

इथं फ्रेम टेकतच नाही, मग चष्मा कसा काय काळं करेल? तरी लोकांची समजूत पक्की की चष्म्यानं डोळे खोल जातात, काळे होतात. याच्यात थोडा दृष्टीचा खेळ आहे. मायनसच्या काचेमागं डोळा लहान दिसतो, प्लसच्या काचेमागं मोठा दिसतो, आणि डोळ्यासोबत डोळ्याखालची कातडी, सूज, काळेपणा, सुरकुत्या सगळंच मोठं दिसतं. म्हणून चाळीशीनंतर जवळचा प्लस नंबर लागला की बायका म्हणतात चष्म्यानं चेहरा उतरला. उतरला नाही, भिंग लागलं. तुमचं मायनस असल्यानं डोळे बारीक दिसतात, चष्मा काढला की मोठे आणि थोडे पुढं आलेले वाटतात, कारण मायनस नंबरच्या डोळ्याचा गोळाच लांबीला जास्त असतो, चष्म्यानं केलेलं नाही ते. त्यात जाड काळ्या फ्रेमची सावली डोळ्याखाली पडते, दुकानातल्या वरच्या ट्यूबलाइटखाली तर जास्तच.

आणखी एक समजूत शिबिरात ऐकायला मिळते, की ऊन काचेतून गोळा होऊन कातडी जाळते. भिंगानं कागद जळतो म्हणून वाटत असेल. पण प्लस तीनच्या काचेतून ऊन गोळा व्हायला साधारण ३३ सेंटिमीटर अंतर लागतं, आणि कातडी तर काचेपासून दीड सेंटिमीटरवर आहे. मायनसची काच तर ऊन गोळा करत नाही, पसरवते. म्हणून हे डोक्यातून काढून टाका.

उलट चष्मा थोडा फायदाच करतो. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी, तेलग्रंथी कमी, त्यामुळं उन्हानं तीच आधी सुरकुतते. पॉलीकार्बोनेटची काच अतिनील किरणं जवळपास सगळी अडवते, साधी प्लास्टिकची बरीचशी अडवते, यूव्ही ४०० लिहिलेली घेतली तर प्रश्नच नाही. आणि नंबर असून चष्मा न घालणारी माणसं डोळे बारीक करून करून पाहतात, कपाळाला आठ्या, डोळ्याच्या कोपऱ्यात रेघोट्या. तुमच्या आईला हे दाखवा, मायनस चार नंबरवर चष्मा सोडला तर समोर बसलेल्या पाहुण्याचा चेहराही धड दिसणार नाही आणि डोळे किलकिले करून बसल्यानं काही रूप खुलत नाही. एक गंमत मात्र होते, उन्हात काम करणाऱ्याचा बाकी चेहरा रापतो आणि चष्म्याखालचा भाग उजळ राहतो, कधी फ्रेमच्या खालच्या रेषेपासून काळं सुरू होतं, मग चष्मा काढल्यावर डोळ्याभोवती दोन रंग दिसतात. ते रापणं आहे, सावलीत राहिलं की कमी होतं.

मग काळं कशानं? घरात आईला, मावशीला तसंच आहे का पाहा, बऱ्याचदा घराण्याचंच असतं. आरशासमोर खालची कातडी हलकेच बाजूला ताणून पाहा. रंग तसाच राहिला तर कातडीत रंग जास्त आहे, निळसर-जांभळं जास्त दिसायला लागलं तर पातळ कातडीतून शिरा दिसून राहिल्या, आणि उजेडाकडं तोंड वर केल्यावर काळं गायब झालं तर ती नुसती खोलगट भागाची सावली आहे. तिन्हीचा इलाज वेगळा, सावलीला तर कोणतीच क्रीम चालत नाही. आणि सगळ्यात मोठं कारण जे कोणी मोजत नाही ते म्हणजे चोळणं. धुळीनं, ॲलर्जीनं डोळे खाजतात, आपण मुठीनं चोळतो, चष्मा वर करून चोळतो. सोयाबीन काढणीच्या दिवसात थ्रेशरवर उभं राहिलेल्या माणसाचे डोळे पाहा. चोळून चोळून कातडी काळी, जाड होते, आणि लहान पोट्ट्यांमध्ये फार चोळल्यानं डोळ्याचा नंबरही तिरपा वाढत जाऊ शकतो. खाजेला डोळ्याच्या डॉक्टरकडून थेंब घ्या, गार पाण्याची पट्टी ठेवा, हात लावू नका.

आता तुमच्या लिंबाचं. ताई, लिंबू तोंडाला लावून आपल्या उन्हात बाहेर पडणं म्हणजे डाग विकत घेणं आहे. लिंबाच्या रसात असं काही असतं की त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते, फोड येतात आणि काळे ओरखड्यासारखे डाग महिनोन्‌महिने राहतात. उन्हाळ्यात सरबत करताना हातावर रस सांडलेल्यांच्या हातावर असे डाग तुम्ही पाहिलेही असतील. बटाट्याच्या चकत्या ठेवा खुशाल, गार लागतात, सूज थोडी उतरते, काळं जात नाही, नंतर भाजी मात्र करू नका त्यांची.

मेडिकलवाल्याची क्रीम, ही मात्र गंभीर बाब आहे. ट्यूबवर मागं बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही नाव आहे का पाहा. ही स्टिरॉइड आहेत. पहिले आठ-पंधरा दिवस चेहरा गोरा दिसतो, म्हणून तर खपतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, बंद केली की आग होते, म्हणून माणूस परत लावतो. डोळ्याजवळ तर आणखी वाईट, तिथून औषध डोळ्यात उतरून डोळ्याचा दाब वाढू शकतो, काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. २०१८ पासून अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी गावात "गोरं व्हायची द्या" म्हटलं की मिळतात. बिनलेबलच्या डबीतल्या क्रीमही नकोत, गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि तो किडनीला लागतो. तुमची क्रीम पंधराच दिवसांची आहे तरी ट्यूब न फेकता डॉक्टरला दाखवायला सोबत न्या.

तोपर्यंत काय लावायचं? नाकावर रात्री चष्मा काढल्यावर साधं व्हॅसलिन, अगदी थोडं. सकाळी एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन, झिंक ऑक्साइडवालं डोळ्याजवळ कमी झोंबतं, पण लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या आणि पॅडच्या जागचं पुसून घ्या, नाहीतर चष्मा घसरतो, परत बोटानं वर करा, परत घासणं सुरू.

आता बाबा. तुम्ही लिहिलं की ते आठवडी बाजारातून घेतलेला तयार चष्मा वाचायला वापरतात, खाज कानशिलावर आणि पापणीवर दोन्हीकडं येते, आणि पावसाळ्यापासून जास्त आहे. इथं परत तेच, जागा वेगळी करा.

कानशिलावर आणि कानामागं, म्हणजे दांडी टेकते तिथं खाज, बारीक पुरळ, पाणी सुटणं, असं असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते. स्वस्त धातूच्या फ्रेमचा मुलामा उडाला की आतलं निकेल घामात उतरतं. खूण अशी की त्यांना स्टीलच्या पट्ट्याच्या घड्याळानं मनगटाला, पँटच्या बटणानं बेंबीखाली खाज येते का विचारा. बायकांमध्ये खोटे कानातले घातले की कान चिघळतो, तेच हे. ही खाज घातल्याबरोबर नाही, एक-दोन दिवसांनी येते, म्हणून लोकांना जोड लागत नाही. इलाज म्हणजे टायटॅनियमची किंवा पूर्ण प्लास्टिकची फ्रेम. दांडीवर नेलपॉलिश लावून घ्या असा सल्ला फिरतो, तो नका ऐकू, नेलपॉलिशनंच कित्येकांच्या पापण्या सुजतात, बोटांना काही होत नाही आणि पापणीला होतं. प्लास्टिकनंही कधी कधी ॲलर्जी येते, आणि फार क्वचित फ्रेम टेकते तिथं पांढरा चट्टा पडतो, टिकलीच्या गोंदानं कपाळावर पडतो तसाच प्रकार, तसं दिसलं तर ती फ्रेम त्याच दिवशी बंद.

दुसरं विचारायचं म्हणजे केस काळे करतात का? करत असतीलच, आपल्याकडं लग्नसराई आली की घरोघरी पुड्या फुटतात. काळ्या डायमध्ये आणि तथाकथित काळ्या मेहंदीत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी डोक्यावर कमी आणि पापण्यांवर, कानावर, मानेवर जास्त दिसते, सकाळी उठल्यावर डोळे सुजून बंद. चष्म्याच्या दांडीलाही तो डाय लागून राहतो आणि धुतला नाही तर रोज थोडा थोडा कातडीला लागत राहतो.

पण पावसाळ्यापासून जास्त आणि पापणीवर म्हटलं की माझ्या डोक्यात आधी गाजर गवत येतं. धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, पडीक वावरात सगळीकडं आहे ते. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग देशभर पसरलं. त्याचे बारीक कण हवेतून येतात आणि उघड्या अंगावर बसतात, त्यामुळं वरच्या पापण्या, मान, कोपराची घडी, कानामागं खाज येते, कातडी जाड काळी होत जाते. वर्षं जातील तसं ते पावसाळ्यापुरतं राहत नाही, बारमाही होऊन बसतं. किती तरी कास्तकार माझ्याकडं फ्रेम बदलायला येतात आणि फ्रेम न शिवणाऱ्या मानेवरही तेच असतं, मग कळतं की फ्रेमचा संबंध नाही. अशा वेळी वावरात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला गमछा, उघड्या हातानं गवत उपटायचं नाही, जाळायचं तर अजिबात नाही, आणि घरी आल्या आल्या तोंड आणि चष्मा दोन्ही साबणानं धुवायचे. गमछाही रोज धुवा, त्याच्यातच सगळं बसलेलं असतं.

फवारणीचंही सांगून ठेवतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले ते सगळ्यांना आठवतं. तेव्हापासून गॉगलबद्दल बोलणं वाढलं पण अजूनही लोक नंबरचा चष्माच पुरे समजतात. नंबरच्या चष्म्याला बाजूनं, वरून, खालून सगळीकडून वाट असते, फवारा आत येतो, पॅडखाली आणि दांडीखाली साचतो आणि तिथं घामासोबत कातडीत मुरत राहतो. चष्म्यावरून घालता येतील असे बंद गॉगल कृषी सेवा केंद्रात मिळतात, ते वापरा.

कोंड्याचं थोडक्यात, भुवयांत आणि नाकाच्या कडेला तेलकट पिवळी खपली दिसत असेल तर तो डोक्यातल्या कोंड्याचाच भाऊ आहे, त्याचं औषध वेगळं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात पिवळसर मऊ चकती असेल तर ती चरबीची असते, चष्म्याची नाही, एकदा कोलेस्टेरॉल तपासून घ्या. गोल खाजरा चट्टा, कड उचललेली, तर नायटा, त्याला मेडिकलमधलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावलं की तो दबून पसरतो.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवा. कपाळाच्या एकाच बाजूला, पापणीवर, नाकाच्या शेंड्यापर्यंत आग होऊन पाण्याचे फोड आले तर ते फ्रेमचं घासणं नाही, नागीण आहे. गेरूचा लेप आणि मंत्र करत बसू नका, नागीण नाकाच्या शेंड्यावर आली म्हणजे डोळ्यात जायची शक्यता जास्त, आणि औषध ७२ तासांच्या आत सुरू झालं तर फायदा जास्त. तसंच पापणी सुजून ताप, डोळा हलवताना दुखणं, दोन-दोन दिसणं, असं असेल तर रात्र काढू नका.

ॲलर्जी नेमकी कशाची हे शोधायला पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या लावून दोन दिवसांनी आणि परत तीन-चार दिवसांनी पाहतात. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला आणि सेवाग्रामला कातडीचा विभाग आहे, तिथं दाखवा आणि ही तपासणी होईल का विचारा. जाताना बाबांना सांगा की सध्याचा चष्मा, जुना चष्मा, डायची पुडी, लावलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूबा पिशवीत घालून न्यायच्या, पाठ खाजते म्हणून मलम फासून जायचं नाही, आणि दिवस मोजून जायचं कारण पट्टी लावल्यावर पाठ ओली करता येत नाही, घाम गाळून चालत नाही. पऱ्हाटी वेचणी सुरू व्हायच्या आधी किंवा ती आटोपल्यावर जा.

तुमच्यासाठी लेन्सचा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण आई विचारेल. पाहण्याच्या कार्यक्रमापुरती लेन्स घालता येते, मायनस चारला सहज मिळते, पण डोळ्याच्या डॉक्टरकडून मापं घेऊन, घालायची-काढायची सवय पंधरा दिवस आधी करून. धुळीत, वावरात, रात्री झोपताना नाही, पाण्यानं धुवायची नाही. दिसायला बदल हवा असेल तर त्याआधी पातळ कडेची, हलकी छोटी फ्रेम आणि चमक न मारणारी काच करून पाहा, फोटोत डोळे नीट दिसतात. दुकानात गेल्या की म्हणा, पॅड नाकाला सपाट टेकवून द्या, आणि तिथंच खाली वाकून, हसून, मान हलवून पाहा. घसरला तर पैसे द्यायच्या आधी परत वाकवून घ्या.